पहिल्या आकड्याचा पत्ता

“चपला बाहेर. हातपाय धुवा. अन् मोबाइल असंल तर तिथं कोनाड्यात ठेवा.”

दार उघडणाऱ्या बाईंनी एवढं एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी रजनी खिल्लारे. हिंगोलीहून आले, मॅडमच्या ऑफिसातून. एक फाइल तेवढी घ्यायचीय. पाच मिनिटांचं काम आहे.”

“फाइल कागदाची का कॉम्प्युटरची?”

“कॉम्प्युटरची.”

“मग पाच मिनिटांचं नाही ते,” बाई म्हणाल्या आणि दारातून अर्ध्या बाजूला झाल्या. अर्ध्याच. मला अंग चोरून आत जावं लागलं.

वसमतला मी पहिल्यांदाच आले होते. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. गल्लीच्या टोकाला कुठेतरी हळद शिजत होती आणि तो उग्र, मातकट वास थेट माजघरापर्यंत आला होता. त्यात ओवा-शेपाच्या धुरीचा वास मिसळला होता. खाटेवर आश्लेषा मॅडम पडल्या होत्या. कानाला घट्ट रुमाल, पायात मोजे, कुशीत चोवीस दिवसांची मुलगी. ऑफिसात जीन्स घालून विहिरीच्या काठावर ओणवी होणारी बाई हीच का, असं मला वाटून गेलं.

“रजनीताई! तुम्ही?” त्या उठायला गेल्या.

“पडून राहा,” बाई म्हणाल्या. या मॅडमच्या आई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या. आता शिवणयंत्राचा आवाज लेकराला नको म्हणून हातानेच टोपरं शिवत बसल्या होत्या.

मी निरोप सांगितला. आमची संस्था चार तालुक्यांत पाण्याचं काम करायची. मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी त्यांनी एका तालुक्यातल्या तीनशे विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून घेतली होती. त्यावरून कुठे पाणी वर आहे आणि कुठे खोल गेलंय हे दाखवणारा नकाशा व्हायचा होता. गुरुवारी पंचायत समितीत बैठक होती. त्या नकाशावर बघून बारा गावं निवडायची आणि बंधाऱ्यांची कामं त्या गावांना द्यायची असं ठरलं होतं. आमचे डोईफोडे सर मला म्हणाले होते, “रजनीबाई, जा आणि मॅडमकडून फाइल पेनड्राइव्हवर आणा.” मी संस्थेत ट्रेसर होते. बावीस वर्षं मी नकाशे हाताने काढले होते, पण कॉम्प्युटरशी माझा संबंध तो पुसण्यापुरता.

“फाइल झालेली नाहीये,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे?”

“विहिरींवरून तालुक्याच्या दर चौकोनाचे आकडे तयार आहेत. दोनशे चाळीस ओळी, एकशे ऐंशी रकाने. पण ते नुसते आकडेच आहेत. त्यांचा नकाशा करून ठेवायचा राहिला, तेवढ्यात या बाईसाहेबांना घाई झाली.” त्यांनी मुलीच्या टाळूवर बोट ठेवलं. “दहाबारा ओळींचा प्रोग्रॅम आहे. आक्का, लॅपटॉप दे.”

“नाही.”

“आक्का, दहा मिनिटं.”

“सव्वा महिना होईस्तोवर पडद्याकडं बघायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे असेच गेले.”

“तिच्या वेळी पडदे कुठं होते गं?”

“शिवणकाम तर होतं.”

लॅपटॉप कपाटात आणि कपाटाची किल्ली आक्कांच्या कमरेला. मी म्हटलं, “राहू द्या, मी सरांना फोन करून सांगते की झालं नाही.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “आक्का, मी नाही बघत. मी भिंतीकडे तोंड करून पडते. मी सांगते, रजनीताई टाइप करतील. चालेल?”

आक्कांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. “यांना येतं का?”

“नाही,” मी आणि मॅडम एकदमच म्हणालो.

“मग चालंल,” आक्का म्हणाल्या आणि किल्ली काढली. त्यांना हे चालेल असं का वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही.

इंग्रजी अक्षरं मी स्टेन्सिलने हजारो काढली होती. पण ती सगळी की-बोर्डवर अशी विस्कटून का बसवलीत हेच मला समजेना. मॅडम भिंतीकडे तोंड करून एकेक अक्षर सांगायच्या आणि मी एका बोटाने ते शोधायची. आक्का आम्हा दोघींच्या मध्ये पहारेकऱ्यासारख्या बसल्या होत्या. पहिल्या ओळीलाच पंधरा मिनिटं गेली. चालवून बघितली तर पडद्यावर तांबडी अक्षरं.

“कंस बंद केलात?” मॅडमनी विचारलं.

“कुठला?”

“उघडलेला.”

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तांबडी अक्षरं दिसताच मॅडमच्या आधी आक्काच म्हणाल्या, “कंस बघा.” कंसच होता.

दुपारी दोनच्या सुमाराला फाइल तयार झाली. आक्कांनी मला भाकरी, पिठलं आणि डिंकाचा एक लाडू दिला. लाडू बाळंतिणीचा होता, पण “तुम्हीबी खा, घाम आलाय तुम्हाला” म्हणाल्या. मग मी मॅडमच्या सांगण्यावरून ती फाइल नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. मागे जगाचा नकाशा होता.

“दिसला का आपला तालुका?”

“दिसला. पण मॅडम, हा समुद्रात आहे.”

“कुठल्या समुद्रात?”

मी चष्मा सारखा केला. “खाली लंकेच्याही खाली. मालदीव लिहिलंय त्याच्या बाजूला.”

मॅडम इतक्या हसल्या की पोर जागं झालं. आक्कांनी दोघींना दटावलं. “हसू नको, टाके दुखतील!” मॅडम पोट धरून म्हणाल्या, “सॉरी, सॉरी. पत्ता द्यायचा राहिला. रजनीताई, आकड्यांना काही ते कुठले आहेत हे माहीत नसतं हो. आपण सांगावं लागतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या आकड्याचा पत्ता सांगायचा. मग एक घर, म्हणजे एक चौकोन, केवढं ते सांगायचं. आपलं घर शंभर मीटरचं. बाकीचे सगळे मग आपापल्या जागी रांगेत बसतात.”

हे मला एकदम कळलं. “म्हणजे ट्रेसिंगच्या कोपऱ्यात आम्ही फुल्या मारतो तसं. फुलीवर फुली बसली की खालचं सगळं बसतं.”

“अगदी तसंच,” त्या म्हणाल्या. “मला कॉलेजात हे समजायला एक सेमिस्टर लागलं होतं.”

मग त्यांनी कोपऱ्याचे दोन लांबलचक आकडे आठवून सांगितले. घराची रुंदी शंभर. “आणि उंची उणे शंभर.”

“उणे का?”

“ओळी वरून खाली उतरतात ना. उत्तर वर, दक्षिण खाली. पहिली ओळ सगळ्यात उत्तरेची. दर ओळीला शंभर मीटर खाली.”

मी टाइप केलं. कंस बंद केला. या खेपेला तालुका बरोबर आमच्या जिल्ह्यात येऊन बसला, चारही कोपरे जागच्या जागी. लाल रंग म्हणजे पाणी खोल, निळा म्हणजे वर. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“कसा दिसतोय?” भिंतीकडून आवाज आला.

“छान दिसतोय मॅडम.”

“घ्या मग पेनड्राइव्हवर. पावणेपाचची गाडी मिळेल तुम्हाला.”

मी फाइल घेतली, पर्स उचलली, लेकराच्या मुठीत दहाची नोट ठेवली. आक्कांनी कपाळाला कुंकू लावलं आणि मी निघाले. स्टँड दहा मिनिटांवर होता. हळदीने पिवळ्या झालेल्या पोत्यांच्या गाड्या रस्त्यात अडकल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत मी स्टँडवर पोचले आणि बाकावर बसले.

बसले आणि डोळ्यांसमोर तो नकाशा आला. वरच्या अंगाला लालभडक, खालच्या अंगाला निळा. वर म्हणजे वाघजळीचा भाग. वाघजळीच्या ओढ्यावर मी स्वतः निळ्या शाईने विहिरी टिपल्या होत्या. तिथल्या विहिरींना मार्चातही वरून हात घालून पाणी काढता येतं असं सर्वे करणारी पोरं सांगायची. आणि खाली दगडपिंपरी. तिथल्या बायका ऑफिसात मोर्चा घेऊन आल्या होत्या, रिकाम्या घागरी घेऊन. त्या दगडपिंपरीवर गर्द निळा रंग होता.

मी स्वतःला समजावलं. मॅडम डॉक्टरेट झालेल्या. आकडे कॉम्प्युटरने काढलेले. मी कोण? मला फाइल आणायला सांगितलंय, ती आणली. नकाशा बरोबर की चूक हे मला कुणी विचारलंय का?

गाडी लागली. कंडक्टर ‘औंढा, हिंगोली’ ओरडला. माणसं चढली. मी पायरीपर्यंत गेले. कंडक्टर म्हणाला, “मावशी, चढा की.” मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढं.” आणि माघारी फिरले.

दार पुन्हा आक्कांनीच उघडलं. “काय विसरलं?”

“काही नाही. नकाशा चुकलाय असं वाटतंय. मॅडमना एकदाच बघू द्या पडद्याकडे.”

“ती आत्ता झोपलीय. दोन रात्री लेकरानं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मी काय उठवणार नाही.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला कसं कळलं चुकलाय म्हणून?”

“बावीस वर्षं काढतेय तो तालुका.”

आक्का आत गेल्या आणि लॅपटॉप घेऊन आल्या. “ओसरीत बसा. उजेड हाय अजून.”

माझ्या पर्समध्ये ट्रेसिंग पेपर कायम असायचा, बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतो तसा. एका कागदावर मी मनानेच तालुक्याची हद्द काढली. आत ओढा आणि विहिरी दाट असलेला भाग. पडद्यावर दुसरा कागद धरून लाल-निळ्याच्या सीमा हलक्या हाताने गिरवल्या. दोन्ही कागद एकावर एक ठेवले. जुळेनात. वरचा कागद गोल फिरवून खालची बाजू वर केली. तरी जुळेनात.

आक्का शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे कापड उलट्या बाजूनं बेतलंय.”

“काय?”

“फिरवू नको गं. पालथा घाल. असा.” त्यांनी कागदाचा खालचा काठ धरून तो पान उलटावं तसा वर पालथा घातला आणि दोन्ही कागद मावळतीच्या उजेडाकडे धरले. हद्दीचा नाकासारखा कोपरा, ओढ्याचं वळण, विहिरींची दाटी, सगळं एकावर एक बसलं.

त्या मला पहिल्यांदाच ‘गं’ म्हणाल्या होत्या.

पण असं का झालं? मी आकड्यांची यादी उघडली. प्रत्येक ओळीच्या बाजूला ती ओळ किती उत्तरेला आहे तो आकडा मॅडमनी लिहून ठेवला होता. पहिल्या ओळीचा आकडा लहान. दुसरीचा शंभराने मोठा. तिसरीचा आणखी मोठा. मी बोट ठेवून शेवटपर्यंत गेले. आकडे वाढतच होते.

“आक्का,” मी म्हणाले, “पहिली ओळ दक्षिणेची आहे. मॅडमनी खालून वर मोजलंय. आणि आम्ही प्रोग्रॅमला सांगितलं की पहिली ओळ उत्तरेची. त्यानं सगळा तालुका उचलून पालथा घातला.”

“मग सुलटा कर.”

“ते येत नाही मला.”

आत पोर रडलं. आक्का लगेच उठल्या. मला वाटलं आता वाट बघत बसावं लागणार. पण आतून त्यांचा आवाज आला, “आशू, तिला घेते मी. तू इकडं ओसरीत ये अन् हे बघ.”

“पडद्याकडे? आक्का, तूच म्हणालीस ना—”

“मीच म्हणायलेय आता. दोन मिनिटं बघ. डोळे बारीक करून बघ.”

मॅडम भिंत धरत बाहेर आल्या. मी त्यांना कागद दाखवले, यादी दाखवली, वाघजळी आणि दगडपिंपरी सांगितली. त्यांनी यादीवरून एकदा बोट फिरवलं. तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! गुरुवारी हा गेला असता तर बंधारे वाघजळीला आणि दगडपिंपरीला...” मग माझा हात धरून म्हणाल्या, “मला हे पडद्यावर बघूनही कळलं नसतं, रजनीताई. कोपरे बरोबर बसले होते. मी म्हटलं असतं, झालं.”

“आता काय करायचं?”

“एक शब्द. घ्या, टाइप करा.”

तो शब्द होता ‘फ्लिप-यू-डी’. वरचं खाली, खालचं वर. मीच टाइप केला, मीच चालवला. वाघजळी निळी झाली, दगडपिंपरी लाल. आक्का लेकराला खांद्यावर थोपटत मागून वाकून बघत होत्या. “आता कसं सरळ पडलं,” त्या म्हणाल्या. “कंस बंद केलास ना?”

शेवटची गाडी गेली होती. आक्कांनी मला ठेवून घेतलं. सकाळच्या गाडीने मी हिंगोलीला पोचले आणि गुरुवारी सरांबरोबर बैठकीला गेले, मागच्या खुर्चीवर. भिंतीवर प्रोजेक्टरमधून गावांच्या हद्दींचा नकाशा पडला. सरांनी आमची फाइल त्यावर उघडली. एक घरही इकडचं तिकडे नाही. बारा गावांत दगडपिंपरीचं नाव तिसरं आलं. तिथल्या सरपंच, ठसठशीत बांध्याच्या बाई, उठून म्हणाल्या, “आमचं गाव यादीत न भांडता आलं, हे पहिल्यांदाच बघतेय मी. मी तर दोन तास भांडायच्या तयारीनं आले होते. आता घरी जाऊन काय करू?” सगळी बैठक हसली.

बाहेर आल्यावर सरांनी मला जिन्यात थांबवलं. मॅडमनी त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं.

“रजनीबाई, उरलेले तीन तालुकेही असेच व्हायला हवेत. मॅडम जुलैपर्यंत नाहीत. तुम्हाला किती दिवस लागतील?”

“सर,” मी म्हटलं, “माझे सोळाच दिवस राहिलेत.”

सर हे विसरले होते असं नाही, पण विसरू पाहत होते. डिसेंबरात ऑफिसात मोठा प्रिंटर आला तेव्हा माझं ड्रॉइंगचं टेबल बाहेर पॅसेजमध्ये सरकवलं गेलं. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर पाण्याचा जार बसला. मी कुणाशी भांडले नाही. घरी जाऊन एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं की अठ्ठावीस फेब्रुवारीला मी निवृत्ती घेते. सरांनी तो अर्ज पुण्याच्या मुख्य कार्यालयाला पाठवला आणि तो मंजूरही झाला. वसमतच्या स्टँडवर बसले होते तेव्हा माझे अठरा दिवस उरले होते. गाडीत चढले असते तर मला कुणी काही विचारणारं नव्हतं.

“अर्ज मागे घेता?” सरांनी जिन्यातच विचारलं.

“घेते. पण टेबल आत पाहिजे.”

सरांनी पुण्याला फोन केला. पुण्याने सांगितलं की मंजूर झालेली निवृत्ती रद्द करायची पद्धत नाही. सर डोकं धरून बसले. चार दिवस फोनाफोनी झाली. शेवटी पुण्यानेच मार्ग काढला. अठ्ठावीसला मी निवृत्त व्हायचं आणि दोन मार्चला ‘नकाशा सल्लागार’ म्हणून रुजू व्हायचं. नावात सल्ला आला, काम तेच राहिलं, फक्त टेबल आत. ते काम मी पुढे आठ वर्षं केलं.

पण निरोप समारंभ ठरलेला होता आणि तो रद्द करायला कुणाचंच मन धजेना, कारण समोसे सांगून झाले होते. अठ्ठावीसच्या शनिवारी हॉल भरला. बेचाळीस दिवसांच्या लेकीला घेऊन मॅडम आल्या. त्यांच्या मागे आक्का होत्या, हातात दुपट्याची पिशवी. मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. सरांनी भाषणात सांगितलं की रजनीबाईंच्या जाण्याने संस्थेत कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होणार आहे. त्यांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं आणि बदलायला वेळ मिळाला नव्हता. अकाउंट्सच्या चिद्रवार बाई तर खरोखरच रडल्या.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले. बावीस वर्षांत कधी माइक हातात धरला नव्हता. समोर आक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, लेकरू मांडीवर. मोठ्याने म्हणाल्या, “बोल की गं, कामून उभी राहिलीस?”

“सगळ्यांचे आभार,” मी म्हणाले. “सोमवारी दहाला येते.”

टाळ्या पडल्या. समोसे वाटले गेले. शाल सरांनी लाजत लाजत परत मागून घेतली. पुढच्या महिन्यात खरोखर निवृत्त होणारे एक शिपाई होते, त्यांच्यासाठी. नारळ मात्र कुणी मागितला नाही. रविवारी मी त्याच्या वड्या केल्या आणि सोमवारी डबाभर ऑफिसात नेल्या.